गाडीला चावी कळते, माणूस कळत नाही

हल्ली मध्यम किमतीच्या गाडीतही बटणावर सुरू होणारे इंजिन आणि पर्समधून बाहेर न काढावी लागणारी चावी मिळते. त्यातल्या काही गाड्यांत आणखी एक सोय असते. आपण उतरून थोडे लांब गेलो, की गाडी आपली आपण लॉक होते. शोरूममध्ये ही सोय दाखवतात तेव्हा कुणालाही ती हवीशी वाटेल. दोन्ही हातांत पिशव्या आहेत, पाऊस पडतोय, अशा वेळी मागे न वळता घरात शिरता येते. मीही अशी गाडी काही वर्षे चालवते आहे. या अनुभवावरून सांगते, की तुमच्या गाडीत ही सोय असेल तर ती बंद करून ठेवा. गाडी कधी लॉक व्हायची हे तुम्ही ठरवा, तिला ठरवू देऊ नका.

असे का म्हणते, ते कळण्यासाठी गाडी हे कसे ठरवते ते आधी पाहू. दारांच्या हॅन्डलमध्ये, डिकीपाशी आणि आत डॅशबोर्डखाली छोटे अँटेना बसवलेले असतात. ते सुमारे 125 किलोहर्ट्झच्या मंद लहरींनी चावीला हाक मारतात. ही हाक जेमतेम एक-दोन मीटर पोचते. चावीने ती ऐकली तर ती रेडिओ लहरींवर, आपल्याकडे साधारण 433 मेगाहर्ट्झच्या आसपास, उत्तर देते. उत्तर आले तर चावी जवळ आहे, नाही आले तर चावी लांब गेली, एवढाच गाडीचा हिशेब. चावी लांब गेली म्हणजे मालक निघून गेला, असे ती धरून चालते. आत कोण बसले आहे, बाहेर कोण उभे आहे, यातले तिला काहीही कळत नाही.

कऱ्हाडच्या पेट्रोल पंपावर

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. मे महिना, दुपारची वेळ. भाची आणि तिचा चार वर्षांचा मुलगा बरोबर होते. कऱ्हाडच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या आवारात जेवायला थांबलो. इंजिन बंद केले. लेकाचा सीटबेल्ट सोडून भाची सतरंजी घालायला झाडाखाली गेली आणि लगेच त्याला उतरवायला मागे फिरली. मी डिकी उघडून वरचा डबा काढला. चावी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स डिकीत, स्टीलच्या डब्यांच्या मध्ये. चावी आत राहिली तर गाडी लॉक होत नाही, बीप देऊन सांगते, असे पुस्तिकेत छापलेले आहे. मी डिकी लावली. काही क्षणांत इंडिकेटर लुकलुकले, दोन्ही बाजूंचे आरसे आत मिटले आणि गाडी लॉक झाली. मुलगा मागच्या सीटवर, काचा बंद, एसी बंद.

हॅन्डलवरचे काळे बटण दाबले, पुन्हा दाबले, काही नाही. चावी डब्यांच्या गराड्यात होती. तिच्यापर्यंत गाडीची हाक पोचत नव्हती. त्यामुळे गाडीच्या लेखी मी तिथे नव्हतेच. दुसरी चावी पुण्याला घरी. आरसे मिटले त्याची मुलाला गंमत वाटली होती, तो काचेतून हसत होता. काचेवर हात टेकवला तर चटका बसला.

पंपावरचे लोक धावले. एक ट्रकवाले दादा टॉमी घेऊन आले. म्हणाले, “ताई, फोडू का? पोराच्या बाजूची नको, पलीकडची फोडू.” त्यांना मी हो म्हणणार तेवढ्यात भाची ड्रायव्हरच्या दाराशी गेली. काचेला तोंड लावून तिने मुलाला सांगितले, “सोन्या, पुढे ये. आजीच्या सीटवर ये. हे हॅन्डल आहे ना, ते ओढ.” मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेले होते. ती दारे आतून उघडणार नव्हती. पुढच्या दारांना मात्र चाइल्ड लॉक नसते. पोरगा दोन सीटांमधून पुढे आला. त्याने हॅन्डल ओढले आणि अलार्म कर्कश वाजायला लागला. घाबरून त्याने हात काढला, रडायला लागला. भाची आवाज न चढवता तेच पुन्हा सांगत राहिली, “काही नाही होत. परत ओढ. जोरात.” दुसऱ्यांदा ओढले आणि दार उघडले.

ते दार आतून उघडले, यामागे एक नियम आहे. 1 जुलै 2019 पासून भारतात तयार होणाऱ्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा, रिव्हर्स सेन्सर यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट सक्तीची झाली. सेंट्रल लॉकिंग बंद पडले किंवा अडकले, तरी आतल्या माणसाला हाताने दार उघडता आले पाहिजे. आतल्या माणसाला ते ठाऊक मात्र हवे. आपण मुलांना सीटबेल्ट लावायला शिकवतो, दार कसे उघडायचे ते शिकवत नाही, उलट त्याला हात लावू नको म्हणून दटावतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या कितीतरी आधी तापते. कऱ्हाडच्या उन्हात बाहेरच चाळीसच्या आसपास पारा असतो. हिशेब तुम्हीच करा.

“आमच्याकडे तर बरोबर चालतंय”

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, फॉल्ट कोड नाही. चावी डिकीत टाकून डिकी लावली, गाडीने लगेच बीप दिला आणि लॉक झाली नाही. “मॅडम, आमच्याकडे तर बरोबर चालतंय.” हे उत्तर ज्याने ज्याने अशी तक्रार नेली आहे त्याने ऐकलेले असणार. कधी होते, कधी होत नाही असा दोष स्कॅनरवर सापडत नाही. मी घरून डबे घेऊनच गेले होते. पर्स तशीच डब्यांमध्ये ठेवली, डिकी लावली आणि सुपरवायझरच्या देखत गाडी लॉक झाली. तेव्हा उत्तर बदलले. “स्टीलमुळे होतं मॅडम. पुस्तिकेत दिलंय.” पुस्तिकेत होतेच, पाठीमागच्या पानावर, बारीक टाइपात. चावी धातूच्या वस्तूंजवळ, मोबाइलजवळ किंवा टॉवरच्या आसपास असेल तर यंत्रणा नीट चालेलच असे नाही, म्हणे. मला हे मान्य नाही. ज्या देशात प्रवासाला निघताना स्टीलचे डबे आणि खिशात मोबाइल असतोच, तिथे विकायच्या गाडीत ही अडचण बारीक टाइपात सांगून भागत नाही. गाडी ताब्यात देताना ती तोंडी सांगायला हवी आणि सोय मुळात बंद करूनच द्यायला हवी. ज्याला हवी त्याने सुरू करून घ्यावी.

उलटा प्रकारही होतो. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका शेजाऱ्यांची गाडी रात्रभर उघडीच राहायची. सकाळी वॉचमन सांगायचा, “साहेब, आरसे उघडेच होते.” गाडी खिडकीखाली लागायची आणि चावी खिडकीशेजारच्या खुंटीवर लटकायची. चावी लांब गेली असे गाडीला कधी वाटायचेच नाही. वर हाक आणि उत्तर चालूच राहिल्याने चावीचा सेल आणि गाडीची बॅटरी दोन्ही लवकर उतरायच्या. कागदपत्रे आणि गॉगल चोरीला गेल्यावर कारण शोधले गेले. आणखी एका ओळखीच्यांच्या गाडीत दाराच्या खटक्यातला छोटा स्विच पावसाळ्यात दगा द्यायचा. दार बंद असूनही गाडीला ते उघडे वाटायचे आणि उघड्या दाराची गाडी आपोआप लॉक होत नाही. हे दुखणे सर्व्हिस सेंटरने नाही, कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पकडले.

काय करावे

पहिली गोष्ट, आपोआप लॉक होण्याची सोय बंद करा. बहुतेक गाड्यांत ती स्क्रीनवरच्या सेटिंगमधून बंद होते. नसेल होत तर सर्व्हिस सेंटरमध्ये सांगून करून घ्या. हॅन्डलवरचे बटण किंवा चावीवरचे बटण दाबून लॉक करायची सवय ठेवा. रिमोटने अनलॉक केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात दार उघडले नाही, तर पुन्हा लॉक होण्याची यंत्रणा वेगळी असते. ती सहसा बंद करता येत नाही. म्हणून अनलॉक करून नुसती डिकी उघडून सामान भरत असाल, तर चावी खाली ठेवू नका.

दुसरी गोष्ट, चावी अंगावर हवी. खिशात किंवा गळ्यात. पिशवीत नाही, डिकीत नाही, सीटवर नाही. मोबाइल एका खिशात, चावी दुसऱ्या खिशात. एकाने चावी घेऊन स्टेशनवर उतरायचे आणि दुसऱ्याने गाडी पुढे न्यायची, हेही टाळा. चालू इंजिन बंद पडत नाही, पण घरी जाऊन बंद केले की पुन्हा सुरू होत नाही.

तिसरी गोष्ट, लॉक झाले याची खात्री करा. घराला कुलूप घातल्यावर आपण ते ओढून पाहतो, तसेच इथे. पण एक मेख आहे. ज्या गाड्यांत हॅन्डलला हात लागताच दार उघडते, तिथे चावी खिशात ठेवून ओढले तर लॉकच निघते. काही गाड्यांत लॉक केल्यावर दोन-तीन सेकंद ओढून पाहायची मुभा असते, ती वापरा. नाहीतर इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का, ते थांबून पाहा, आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याला दार ओढायला सांगा. गर्दीच्या पार्किंगमध्ये हे टाळू नका. जॅमर वापरून रिमोटचा संदेश अडवणारे चोर असतात. तुम्ही बटण दाबून निघून जाता आणि गाडी उघडीच राहते.

चौथी गोष्ट, सेल. बहुतेक चाव्यांत सीआर2032 हा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो, शंभर रुपयांच्या आत मिळतो. उतरत्या सेलची पहिली खूण म्हणजे चावीचा पल्ला कमी होणे. वर्षा-दीड वर्षाने बदलून टाका. चावीच्या पोटात लोखंडी चावी लपवलेली असते, ती कशी काढायची आणि दाराचे भोक कुठे आहे ते आजच पाहून ठेवा. काही गाड्यांत ते हॅन्डलच्या टोपणाखाली असते. सेल पूर्ण संपला तरी बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवली की इंजिन सुरू होते.

पाचवी गोष्ट, घरात चावी गाडीपासून लांब ठेवा. चोरांची आणखी एक युक्ती आहे. एकजण घराच्या दाराशी उभा राहून चावीचे उत्तर पकडतो आणि दुसऱ्या यंत्राने गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटते चावी जवळ आली. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि दहाही गाड्या फसल्या. नव्या काही चाव्या हलवल्या नाहीत तर झोपी जातात, त्यांना हा धोका कमी. बाकीच्यांसाठी चावी रात्री झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण नीट लागते ना ते पाहा. गाडीजवळ नेऊन हॅन्डल उघडते का, हे एकदा तपासले की पुरे. दुसरी मूळ चावी जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि गाडीची वाजवी काळजी घेतली होती का हेही विचारते.

सहावी गोष्ट, तक्रार लेखी द्या. कुठे, कधी, पाऊस होता की ऊन, चावी कुठे होती, हे वहीत लिहा. मोबाइलवर चित्रीकरण करा. जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत तक्रार लिहून घ्या आणि त्याची प्रत घ्या. दोष नाही असे सांगितले तर तेही लिहून मागा. वॉरंटी संपल्यावर हाच कागद कामाला येतो. तरीही दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. मुलाला गाडीत एकटे सोडू नका, पाणी आणायला गेलात तरीही. आणि पुढच्या सीटवर येऊन आतले हॅन्डल दोनदा ओढायचे, हॉर्न दाबून धरायचा, हे त्याला शिकवा. अलार्म वाजेल, घाबरायचे नाही, हेही सांगा. कुणाचेही मूल आत अडकलेले दिसले तर मालकाची वाट पाहत बसू नका. 112 ला फोन लावा, आणि ते दमलेले किंवा झोपाळलेले दिसले तर थांबू नका, काच फोडा. समोरची काच फुटून गळून पडत नाही, म्हणून मुलापासून लांबची बाजूची काच निवडा. मधोमध नाही, कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. काच दुसरी बसवता येते.

हा लेख वाचून झाल्यावर गाडीपाशी जा, आपल्या मुलांना किंवा नातवंडांना आत बसवा, तुम्ही बाहेर उभे राहा आणि त्यांना पुढचे दार उघडून बाहेर यायला सांगा. ते त्यांना जमेपर्यंत उन्हातल्या प्रवासाला निघू नका.