दोन भाऊ आणि एक अल्बम

मुलांनो, गाण्यांचा अल्बम कसा तयार होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

फ्रान्समध्ये बायोन शहराजवळ १९९६ साली चार तरुणांनी एक रॉक बँड सुरू केला. पुढे त्याचे नाव ‘गोजिरा’ झाले. थोरला भाऊ जो गातो आणि गिटार वाजवतो. धाकटा भाऊ मारियो ड्रम वाजवतो.

काही वर्षांनी हे भाऊ अमेरिकेत न्यू यॉर्कला गेले. तेथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ बांधायला घेतला. कित्येक महिने त्यांच्या हातांत वाद्यांऐवजी हातोडा आणि करवत होती. २०१५ साली स्टुडिओ तयार झाला. ध्वनिमुद्रण सुरू झाले.

तेवढ्यात आई फार आजारी असल्याचे कळले. भावांनी काम थांबवले. त्याच वर्षी आई वारली.

मग ते पुन्हा स्टुडिओत आले. आता गाताना जोचे डोळे भरून येत. पूर्वी तो बहुधा ओरडून गात असे. या वेळी अनेक ठिकाणी त्याने साध्या, संथ आवाजात गायिले. अल्बमही आधीच्यापेक्षा लहान, सुमारे ४४ मिनिटांचा झाला. त्याचे नाव ‘मॅग्मा’, म्हणजे पृथ्वीच्या पोटातील तप्त, वितळलेला खडक. १७ जून २०१६ रोजी तो प्रसिद्ध झाला.

मुलांनो, थांबलेले काम पुन्हा सुरू करता येते. आजारी माणसाजवळ मात्र वेळेवरच बसावे लागते.

शब्दार्थ : ध्वनिमुद्रण – आवाज साठवून ठेवणे. संथ – सावकाश. तप्त – खूप तापलेला.

प्रश्न : १. भावांच्या हातांत हातोडा का आला? २. जोच्या गाण्यात कोणता बदल झाला?