वेलदोड्याचे सुगंधी तेल

वेलदोडा विकावयास नेला असता व्यापारी प्रथम बोंडाचा हिरवेपणा पाहतो, मग टपोरेपणा पाहतो आणि त्यावरून भाव सांगतो. सुगंधी द्रव्ये करणाऱ्यास या दोहोंशी फारसे कर्तव्य नसते; त्याला दाण्यातील तेल हवे असते. म्हणून बाजारात ज्याला कोणी विचारीत नाही असा बारीक, फुटका, रंग उतरलेला माल तेलाच्या भट्टीस चालतो. सुपारीच्या बागेत वेलदोडा लावणाऱ्या बागाईतदारांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र फुटका चालतो म्हणजे कसाही चालतो असे नव्हे, आणि तोटा येतो तो येथेच.

तेल सालीत जवळजवळ नसते, ते बियांत असते. चांगल्या बियांत त्याचे प्रमाण शेकडा 6 ते 8 पडते. वाळलेल्या 100 किलो बोंडांत बी सुमारे 70 किलो निघते, म्हणजे हिशेबाने चार-पाच किलो तेल मिळावे. परंतु साल ही या तेलाची झाकणी होय. बी सालीत बंद असेपर्यंत तेल टिकते. बोंड उकलले किंवा बी सोलून ठेवले की ते उडू लागते, व काही महिन्यांत तिसरा हिस्सासुद्धा नाहीसा होऊ शकतो. फुटका माल पोत्यात भरून ‘पुढे पाहू’ म्हणणारा बागाईतदार घरबसल्या आपले तेल वाऱ्यावर सोडीत असतो. तो माल निवडून आधी भट्टीस लावावा व अखंड बोंडे मागे ठेवावी. पूर्वी हावेरीस वेलदोडे धुऊन पांढरे करण्याचा धंदा नावाजलेला होता. त्या शुभ्रतेने दुकानातील शोभा वाढे. तेल मात्र तिने तिळभरही वाढत नाही.

या तेलात दोन घटक मुख्य आहेत. पहिला सिनिओल; निलगिरीच्या तेलात असतो तोच, थंड व कापरासारखा. दुसरा टर्पिनिल ॲसिटेट, गोड व फळाफुलांच्या वासाचा. वेलदोड्याचा विशेष वास आहे तो या दुसऱ्यामुळे. मलबार जातीत सिनिओल अधिक व म्हैसूर जातीत गोड घटक अधिक असे सामान्यतः आढळते, म्हणून अत्तरवाल्याची आवड बहुधा म्हैसूरकडे झुकते. मोठी वेलची ही निराळीच वनस्पती आहे. तिच्या तेलात सिनिओलचेच प्राबल्य असून हा गोडवा तिच्यात नाही.

सुगंधात वेलदोड्याची योजना आपल्याकडे नवी नाही. दालचिनी, तमालपत्र व वेलची या तिहींस वैद्यकात त्रिसुगंधी असेच नाव आहे. गंगाधराच्या ‘गंधसार’ या संस्कृत ग्रंथाच्या पोथीबरोबर ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ सापडला, त्यावर तर मराठी टीका आहे. पुण्याचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ही पोथी अभ्यासकांपुढे आणली. युरोपात अलीकडे पुरुषांच्या अत्तरांत हे तेल विशेष चालते. कार्तिए या पेढीचे 1998 सालचे ‘देक्लारासिओं’ त्याबद्दल प्रसिद्ध आहे. अत्तर लावताच जो पहिला उत्साही वास येतो तो देण्याचे काम वेलदोडा करतो, आणि लवकर उडून जातो.

तेल काढताना दोन चुका सर्रास घडतात. एक, बी आदल्या दिवशी कुटून ठेवणे. बी भरडच कुटावे आणि कुटल्याबरोबर भांड्यात घालावे. दुसरी, भट्टी लवकर उतरविणे. सिनिओल व इतर हलके भाग आधी येतात, गोड भाग मागाहून येतो. धार मंदावली म्हणून जळण वाचविणाऱ्याच्या बाटलीत निलगिरीसारखे तेल जमते व मोलाचा भाग चोथ्यात राहतो. बी पाण्यात तासन्‌तास उकळणे हेही बरे नव्हे, कारण त्याने टर्पिनिल ॲसिटेट फुटतो. जाळीवर बी ठेवून खालून वाफ द्यावी. निघालेले तेल पाण्यापासून नीट वेगळे करून गडद काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरावे व थंड जागी ठेवावे. मोकळ्या जागेतील हवा त्यास बिघडविते.

या तेलात निलगिरीचे तेल किंवा टर्पेंटाइनपासून केलेला टर्पिनिल ॲसिटेट मिसळणारे लोक आहेत, म्हणून मोठा गिऱ्हाईक रासायनिक तपासणीवाचून माल घेत नाही. फवारलेल्या औषधांचा अंशही त्या तपासणीत उघड होतो.

भट्टी घेण्यापूर्वी अखंड व फुटक्या मालाचे निरनिराळे नमुने प्रयोगशाळेत द्यावे. क्लेव्हेंजर नावाच्या काचेच्या उपकरणात काही तासांत तेलाचे प्रमाण कळते. त्या आकड्यास तेलाच्या चालू भावाने गुणून जळण व मजुरी वजा करावी, आणि फुटक्या मालास बाजारात मिळणाऱ्या पैशांशी ताडून पाहावे. पहिली रक्कम दुसरीहून कमी भरल्यास भट्टी घेऊ नये; माल लगेच विकावा.