साक्षीदार कॅमेरा आणि सहभागाचा प्रश्न

अनुबोधपटाची साधने, म्हणजे हाती धरलेला हलता कॅमेरा, थेट मुलाखत, परिसरातील नैसर्गिक ध्वनी, वापरून कल्पित कथा सांगणाऱ्या चित्रपटास ‘छद्म-अनुबोधपट’ म्हणता येईल. या प्रकारात विडंबनाचे लक्ष्य केवळ विषय नसतो. वास्तव दाखविण्याची रीतही असते. रेमी बेलव्हो, आंद्रे बोन्झेल आणि बन्वा पोलव्होर्द यांचा ‘मॅन बाइट्स डॉग’ (१९९२) हा कृष्णधवल बेल्जियन चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘हे तुमच्या घराजवळच घडले’ असा होतो. हिंसेवर टीका करता करता हा चित्रपट तिचाच बाजार मांडतो, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

बेन हा धंदेवाईक खुनी आणि त्याच्यावर अनुबोधपट करणारी मंडळी यांची ही कथा. प्रेत बुडविण्यासाठी किती वजन बांधावे, याचे गणित बेन शिक्षकाच्या थाटात समजावतो आणि प्रेक्षक हसतो. प्रारंभी ही मंडळी केवळ पाहतात. पुढे प्रेते हलविण्यास हात लावतात. पैसे संपल्यावर बेनचेच पैसे घेतात. अखेरीस एका घरात शिरून ती सामूहिक बलात्कारात सामील होतात. येथे प्रेक्षकाचे हसू थांबते. कथात्म साहित्यातील तटस्थ निवेदकाचे स्थान चित्रपटात बहुधा कॅमेऱ्याला मिळते. येथे त्या निवेदकाला हात आहेत, खर्च आहे आणि म्हणून अपराधही आहे. शेवटी कॅमेरामन कोसळतो, तरी कॅमेरा चालूच राहतो. पाहण्याची ही यंत्रणा माणसावाचूनही थांबत नाही.

उपरोक्त आक्षेपाचे उत्तर या रचनेत आहे. परंतु ते पूर्ण नाही. प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा हा चित्रपट बळींना मात्र बोलू देत नाही. ते येतात, मरतात आणि विसरले जातात.

ही उणीव विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’शी (१९८१) तुलना करता अधिक स्पष्ट होते. तेथेही पत्रकार जयसिंग जाधव विकत आणलेल्या स्त्रीला पत्रकार परिषदेत उभे करतो. पण तेंडुलकर तो देखावा रंगमंचावर आणीत नाहीत; त्याचे हसत केलेले वर्णनच प्रेक्षकाच्या कानी पडते. शिवाय, तुला केवढ्याला विकत घेतले, हे कमला सरिताला सहजपणे विचारते. त्या एका प्रश्नाने सरिताचे सारे घर उघडे पडते.

दोन्ही कृती पाहणाऱ्याला निर्दोष सोडत नाहीत. मात्र बेल्जियन चित्रपट अपराध दाखवून थांबतो. ‘कमला’ अपराध ज्याच्यावर झाला त्याची नजरही दाखविते. हिंसेच्या प्रदर्शनावर टीका करणाऱ्या कलाकृतीचे मूल्यमापन करताना, तिने किती रक्त दाखविले यापेक्षा तिने बळीला किती जागा दिली, हा निकष अधिक उपयुक्त ठरावा.