शालेय खेळाडू आणि उष्माघात

कबड्डी, खो-खो खेळताना किंवा धावताना स्नायूंत मोठी उष्णता निर्माण होते. घाम सुकताना ती बाहेर पडते. कोकणच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही; विदर्भात सुकतो, पण शरीरातील पाणी झपाट्याने घटते. म्हणून सरावाची वेळ ठरविताना तापमानाबरोबर आर्द्रताही विचारात घ्यावयास हवी.

उन्हाची सवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात. तोवर सराव हलका ठेवावा. पाणी व सावलीतील विश्रांती वरचेवर द्यावी. पाणी मागणे हा दुबळेपणा नव्हे.

खेळताना मुलाचा तोल जाऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर अंगाला घाम असला तरी उष्माघाताची शंका घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र तिची वाट पाहत बसू नये. मुलाला तत्काळ सावलीत न्यावे, सर्वांगावर सतत थंड पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास पाणी पाजू नये. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाल्यास प्राण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. यास्तव मैदानाजवळ पुरेसा पाणीसाठा व सावली यांची तरतूद शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून सरावापूर्वीच करणे अगत्याचे आहे.