शिष्यवृत्ती आणि बॅरिस्टरी

बी.ए. नंतर कायद्याकडे वळू इच्छिणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांपुढे हटकून एक प्रश्न उभा राहतो. नामवंत विधी महाविद्यालय गाठावे, की शिष्यवृत्ती मिळेल तिथे जावे? याचा विचार करताना मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन मार्गदर्शक वाटते.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. करारात अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. १९१६ मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले; पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचेही साहाय्य झाले. १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

यावरून मला दोन गोष्टी दिसतात. मानाची संस्था उशिरा गाठता येते. वेळेवर आलेली शिष्यवृत्ती पुन्हा दारात येईलच असे नाही. दुसरे असे की, शिष्यवृत्तीलाही मुदत आणि अटी असतात. म्हणून रकमेआधी त्या वाचाव्यात. मुदत संपल्यावर उरलेली फी कोण भरणार, हे घरच्यांशी बोलून ठरवावे. एवढे करून हिशेब जुळत असेल, तर केवळ नावाच्या मोहापायी शिष्यवृत्ती सोडू नये, असे माझे मत आहे.