अन्नावरची वासना उडालेले मांजर
मूत्रपिंडाचा विकार व आहार

मांजर म्हातारे होऊ लागले म्हणजे ते पूर्वीपेक्षा पुष्कळ पाणी पिऊ लागते. त्याची लघवी वाढते, पाठीवरचे मांस झडते, केसांची तकाकी जाते. आणि मग एके दिवशी ते ताटलीपाशी येते, अन्न हुंगते आणि तोंड फिरवून निघून जाते. घरातील माणसे याला वार्धक्य म्हणून सोडून देतात. पुष्कळदा याच्या मुळाशी मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असतो. वयस्क मांजरांत हा विकार फार आढळतो. नाश पावलेले मूत्रपिंड पूर्ववत् करणारे औषध नाही. तथापि योग्य आहाराने विकाराची गती मंद करता येते, आणि कित्येक मांजरे निदानानंतरही काही वर्षे सुखाने जगतात. मात्र पथ्याचे अन्न पोटात गेले तरच त्याचा गुण यावयाचा. म्हणून आजारी मांजराला खावयास कसे प्रवृत्त करावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

मूत्रपिंडाचे कार्य

मूत्रपिंड हे रक्त गाळणारे इंद्रिय होय. मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 2 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. माणसाच्या मूत्रपिंडात त्यांची संख्या सुमारे 10 लाख असते. या गाळण्यांतून रक्तातील पाणी व विरघळलेली द्रव्ये बाहेर येतात. शरीरास हवे असलेले पाणी व क्षार परत शोषले जातात. आणि युरियासारखी टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर पडतात. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशांत राहणारी रानमांजरे होत. त्यामुळे थोड्या पाण्यात दाट लघवी तयार करण्याची शक्ती मांजरास वारशाने मिळाली आहे.

एकदा नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा उत्पन्न होत नाही. उरलेले नेफ्रॉन त्याचे काम अंगावर घेतात, आणि म्हणूनच हा विकार दीर्घकाळ लपून राहतो. सुमारे दोनतृतीयांश नेफ्रॉन निकामी झाले म्हणजे लघवी दाट करण्याची शक्ती जाते; शरीरातील पाणी वाहून जाऊ लागते व मांजराची तहान वाढते. सुमारे तीनचतुर्थांश निकामी झाले म्हणजे युरिया व क्रिएटिनिन ही द्रव्ये रक्तात साठू लागतात. भूक मरण्याची अवस्था बहुधा याच्याही पुढची असते.

वजन मात्र त्याआधीच घटू लागते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 569 मांजरांच्या वजनाच्या नोंदी तपासण्यात आल्या. निदानापूर्वीच्या एका वर्षात त्यांचे वजन मध्यक मानाने 8.9 टक्क्यांनी घटले होते. 4 किलोग्रॅम वजनाच्या मांजरात ही घट सुमारे साडेतीनशे ग्रॅम भरते. एवढी घट केसाळ अंगावर डोळ्यांना दिसत नाही, तराजूला दिसते. सबब, वयस्क मांजराचे वजन नियमाने करून वहीत टिपून ठेवणे ही अत्यंत स्वस्त आणि उपयुक्त तपासणी होय.

भूक का मरते?

अन्न नाकारणाऱ्या मांजरास हट्टी समजणे योग्य नव्हे. त्याच्या शरीरात एकाच वेळी अनेक कारणे काम करीत असतात. रक्तात साठलेली विषारी द्रव्ये मेंदूतील वांतिकेंद्रास चेतवितात आणि मांजराला सतत मळमळते. असे मांजर ओठ चाटते, लाळ गाळते, भुकेने अन्नापाशी येते व वास येताच मागे सरते. शरीरातील पाणी कमी झाल्याने त्यास थकवा येतो व मलावरोध होतो. लघवीवाटे पोटॅशियम निघून गेल्याने स्नायू दुबळे पडतात. क्वचित् मान वर धरणेही कठीण जाते. तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते. ते कमी पडले की पांडुरोग जडतो. तोंडातील व्रण आणि किडलेले दात चावणे असह्य करतात.

एक फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मूत्रपिंडाच्या विकारात जठरात व्रण पडत असावेत, असे पूर्वी मांजरांच्या बाबतीतही गृहीत धरले जात असे. प्रत्यक्ष तपासणीत मात्र मांजरांच्या जठरात व्रणांऐवजी तंतुमय ऊतक व कॅल्शियमचे साठे प्रामुख्याने आढळले. म्हणून केवळ आम्लनाशक औषध देऊन भूक परत येईल, अशी आशा धरता येत नाही. पाणी, पोटॅशियम, मळमळ, रक्त आणि दात या प्रत्येकाकडे पशुवैद्याने पाहावयास हवे. कारणे दूर केल्याशिवाय ताटलीतील पदार्थ बदलीत बसणे व्यर्थ होय.

उपासाचा धोका

“भूक लागली की खाईल” हा विचार मांजराच्या बाबतीत घातक ठरू शकतो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. प्रथिनांचे विघटन करणारी त्याच्या यकृतातील विकरे नेहमीच जोमाने काम करतात. अन्न कमी झाले तरी ती फारशी मंदावत नाहीत. त्यामुळे उपाशी मांजर आपल्याच स्नायूंतील प्रथिने जाळू लागते. शिवाय अंगातील चरबी यकृताकडे धाव घेते व तेथे साचून यकृताचे काम बंद पाडू लागते. लठ्ठ मांजराला अवघ्या काही दिवसांच्या उपासाने हा यकृतविकार होऊ शकतो. म्हणून आजारी मांजराने एक अहोरात्र अन्नास मुळीच तोंड लावले नाही, तर पशुवैद्यास कळवावे. दोनतीन दिवस वाट पाहू नये.

स्नायू झडण्याचा आणखी एक परिणाम होतो. क्रिएटिनिन हे द्रव्य स्नायूंतून निर्माण होते. अतिकृश मांजरात स्नायूच उरले नाहीत, तर रक्तातील क्रिएटिनिन कमी दिसते आणि रोग प्रत्यक्षापेक्षा सौम्य असल्याचा भास होतो.

पथ्याच्या अन्नाचा पुरावा

या विकारासाठी तयार केलेल्या अन्नात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असतो. प्रथिने बेताची पण उत्तम प्रतीची असतात. 2000 साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातील संशोधकांनी अशा 50 मांजरांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पथ्याचे अन्न खाणाऱ्या मांजरांचे मध्यक आयुष्य निदानानंतर 633 दिवस भरले. न खाणाऱ्यांचे 264 दिवस.

हा फरक मोठा आहे. परंतु चिकित्सक वाचकाने येथे थांबून विचार करावा. या पाहणीतील दुसऱ्या गटात मुख्यत्वे अशी मांजरे होती, की ज्यांनी स्वतः ते अन्न नाकारले किंवा ज्यांच्या मालकांना ते देणे जमले नाही. ज्यांनी नाकारले ती मुळातच अधिक आजारी असतील, तर आयुष्यातील सगळा फरक अन्नाच्या पदरात टाकता येणार नाही. ही शंका दूर करण्यासाठी गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे व्हावयास हवी. अशी परीक्षा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षे चाललेल्या या परीक्षेत 45 मांजरे होती. साधे अन्न खाणाऱ्या गटातील सुमारे 26 टक्के मांजरांना विषसंचयाचे तीव्र झटके आले. पथ्याच्या गटातील एकालाही आला नाही.

पथ्य उपयुक्त आहे, हे यावरून सिद्ध होते. तथापि या दोन्ही प्रयोगांत गुण आला तो खाल्लेल्या अन्नाचा. ताटलीत वाळून गेलेल्या उत्तम पथ्यापेक्षा पोटात गेलेले साधे अन्न केव्हाही श्रेयस्कर. मांजर पथ्य मुळीच खात नसेल, तर त्याच्या आवडीचे अन्न देऊन, त्यातील स्फुरद आतड्यातच बांधून टाकणारे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने देता येते.

वास, चव आणि आठवण

मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव करून देणारे एक जनुक मार्जारकुलात निकामी झालेले आहे, असे 2005 साली अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून साखर घालून मांजराची रुची वाढत नाही. अन्न खावयाचे की नाही, हे मांजर प्रथम नाकाने ठरविते. सुवासिक द्रव्ये उष्णतेने अधिक प्रमाणात हवेत मिसळतात. यास्तव अन्न 37 ते 38 अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे हाताला कोमट लागेल इतके, गरम करावे. ताज्या भक्ष्याच्या अंगाचे तापमानही जवळपास तेवढेच असते. नाक चोंदलेले असेल तर ते ओल्या कापसाने हळुवार पुसावे.

आठवणीचा भागही कमी महत्त्वाचा नाही. 1955 साली जॉन गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकॅरिनचे गोड पाणी पाजीत असताना त्यांच्यावर गॅमा किरणांचा मारा केला. उंदीर आजारी पडले. आणि पुढे बरे झाल्यावरही त्या गोड पाण्यास तोंड लावीनात. आजार आणि चव यांची सांगड त्यांच्या मेंदूत पक्की बसली होती. मांजराचेही असेच होते. मळमळीच्या दिवसांत, किंवा रुग्णालयाच्या पिंजऱ्यात, नवे पथ्य पहिल्यांदा पुढे केले, तर त्या अन्नाचा कायमचा तिटकारा बसण्याचा संभव असतो. यावरून पुढील नियम निघतात.

पथ्याचे अन्न मांजर बरे वाटण्याच्या स्थितीत असतानाच सुरू करावे, आणि जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळून काही आठवड्यांत पूर्ण बदल करावा. नेहमीच्या अन्नात कडू औषध कालवू नये. पिचकारीने बळजबरीने भरवू नये. त्याने तिटकारा वाढतो व अन्न श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. न खाल्लेले अन्न पंधरावीस मिनिटांनी उचलावे. सारखे नाकासमोर धरू नये. दिवसातून चारसहा वेळा, थोडे थोडे, पसरट ताटलीत, शौचपात्रापासून व इतर प्राण्यांपासून दूर, शांत जागी द्यावे. काही मांजरे ओळखीच्या हातून पहिला घास घेतात. ओलसर अन्नात सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते, म्हणून कोरड्या दाण्यांपेक्षा ते हितकर. तथापि मांजर कोरडेच खात असेल तर तेही बंद करू नये.

भारतीय घरांतील काही सवयींकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. केवळ दूधभातावर मांजराचे पोषण होत नाही, कारण त्यास आवश्यक असलेले टॉरिन हे द्रव्य प्राण्यांच्या मांसातून मिळते. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते, आणि हाडाकाट्यांत स्फुरद. रुची वाढविण्यासाठी मीठमसाला न घालता उकडलेल्या मासळीचे किंवा कोंबडीचे थोडे कोमट पाणी अन्नावर शिंपडावे. कालवणाचा रस्सा मात्र देऊ नये, कारण कांदा व लसूण यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

खाल्लेले अन्न डोळ्यांच्या अंदाजाने न मोजता काट्यावर मोजावे. 4 किलोग्रॅम वजनाच्या मांजराला दिवसास सुमारे 200 किलोकॅलरी लागतात. आज किती वाढले, किती उरले, या दोन आकड्यांची नोंद पशुवैद्यास लांबलचक वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

औषधे व नळी

मळमळ थांबविण्यासाठी मॅरोपिटंट वापरले जाते. मिर्टाझापिन हे मुळात माणसाच्या औदासीन्यावरील औषध. त्याने मांजराची भूक वाढते असे आढळले, आणि कानाच्या आतील बाजूस लावावयाच्या त्याच्या मलमास 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. भुकेच्या नैसर्गिक संप्रेरकाप्रमाणे काम करणाऱ्या कॅप्रोमोरेलिनला 2020 साली तेथेच मान्यता मिळाली. ही औषधे पशुवैद्याच्या आज्ञेवाचून देऊ नयेत. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर कदापि देऊ नयेत: पॅरासिटॅमॉल मांजरास प्राणघातक आहे, आणि आयबुप्रोफेन मूत्रपिंडाची आणखी हानी करते.

एवढ्यानेही भागले नाही, तर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक मऊ नळी बसविता येते. ऐकावयास हे कठोर वाटते. परंतु नळी बसविलेले मांजर घरभर हिंडते, इच्छा झाल्यास तोंडानेही खाते, आणि अन्न, पाणी व औषध या तिन्हींवरून रोज होणारी झटापट संपते.

शेवटच्या अवस्थेत सर्व उपाय करूनही मांजर अन्नाकडे पाहीनासे होते. अशा वेळी आणखी किती दिवस मिळतील यापेक्षा उरलेले दिवस वेदनेविना जातात की नाही, हे पशुवैद्याबरोबर बसून ठरवावे. मुक्या प्राण्याची अन्नवासना ही त्याची भाषा आहे. ती आधी कारणे शोधून ऐकावी. आणि अखेरीस तीच भाषा नकार देत असेल, तर तोही ऐकावा.

मननासाठी प्रश्न

1. बरेच नेफ्रॉन नष्ट होईपर्यंत मूत्रपिंडाचा विकार लपून का राहतो?
2. 2000 सालच्या पाहणीनंतर 2006 सालच्या परीक्षेची गरज का होती?
3. उकडलेल्या मासळीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक थंड व एक कोमट ठेवा. डोळे बांधलेल्या मित्रास फक्त वासावरून ते ओळखावयास सांगा. कोणत्या तुकड्याचा वास दुरून येतो, व का?
4. घरातील मांजराचे वजन महिन्यातून एकदा करून वर्षभराचा आलेख काढा.