स्वरांचा कारखाना

२०१७ सालच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतील ॲशव्हिल या गावी गेलो होतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज पर्वताच्या कुशीत हे गाव वसलेले आहे. माझा पुतण्या त्याच राज्यात राहतो. त्याची बारा वर्षांची मुलगी रेवा पेटी शिकत होती. तिनेच हट्ट धरला, "आजोबा, येथे विजेची वाद्ये बनविण्याचा कारखाना आहे. तो पाहिल्यावाचून परत जायचे नाही!"

खरे सांगायचे तर मला फारसा उत्साह नव्हता. तंबोऱ्याच्या चार तारांच्या सोबतीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला विजेच्या वाद्यांचे काय कौतुक? विजेवर दिवा लागावा, पंखा फिरावा. पण स्वर गळ्यातून नाहीतर बोटांतूनच निघावा, असे माझे ठाम मत होते.

कारखान्यावरील इंग्रजी अक्षरे मी 'मूग' अशी वाचली. रेवा खुदकन हसली. "मूग नव्हे आजोबा, मोग!" रॉबर्ट मोग आपल्या आडनावाचा उच्चार असाच करीत असत. कोकणीत 'मोग' म्हणजे प्रेम, हे तिला सांगितले तेव्हा तिला मोठी मौज वाटली.

मोग यांचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्क येथे झाला. शाळेत असतानाच त्यांना विजेची वाद्ये जोडण्याचा नाद लागला. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने त्यांनी एक नवे वाद्य सिद्ध केले. त्याला 'सिंथेसायझर' म्हणतात. पेटीत हवेने पितळेची पत्ती कापते, तंबोऱ्यात तार कापते. या वाद्यात कापते ती वीज. तिची आंदोलने कर्ण्याच्या पडद्याला हलवितात आणि मग स्वर आपल्या कानी पडतो. एक बटण फिरविले की तोच स्वर 'आ'चा 'ऊ' झाल्यासारखा मऊ होतो.

आत यंत्रांचा खडखडाट असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ती जागा एखाद्या घड्याळजीच्या दुकानासारखी शांत होती. कोणी बारीक तारांना डाख देत होते, कोणी लाकडी पेट्या पुसून लख्ख करीत होते.

एका टेबलाशी एक तरुण कारागीर स्त्री बसली होती. तिच्यापुढे 'मिनिमोग' होते. १९७० साली निघालेले हे ४४ पट्ट्यांचे वाद्य पुढे बरीच वर्षे बंद पडले होते. ते २०१६ पासून येथे पुन्हा तयार होऊ लागले होते. पट्टी दाबली की आतील विद्युन्मंडलाला ठरावीक विद्युद्दाब मिळतो. दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक चढतो. म्हणजे सेकंदाला २२० आंदोलने होत असतील, तर ती ४४० होतात. सप्तकात बारा स्वर असतात. तेव्हा एका पट्टीच्या वाट्याला व्होल्टचा जेमतेम बारावा भाग येतो. त्यात जराशी चूक झाली की वाद्य बेसूर झालेच!

"तुम्ही गाता ना? मग हे ऐका," असे म्हणून तिने आपला हेडफोन माझ्या कानांना लावला. वाद्यातील दोन मंडले एकदम वाजत होती. स्वर जवळजवळ सारखे होते, पण एक नव्हते. त्यामुळे आवाज पाळण्यासारखा हेलकावे खात होता. तिने लहानसा पेचकस घेऊन एक स्क्रू किंचित फिरविला. हेलकावे संथ झाले, आणखी मंदावले आणि थांबले. दोन स्वर एक झाले. माझ्या तोंडून नकळत "वा!" निघून गेले. तंबोऱ्याची खुंटी पिळताना मी जन्मभर दुसरे काय केले होते?

"वाद्य तापले की स्वर हलतो," ती म्हणाली. "म्हणून आधी ते चालू ठेवून ऊब येऊ द्यायची, मग जुळवायचे. पूर्वी वादकांना भर कार्यक्रमात ते पुन्हा जुळवावे लागे." उन्हात ठेवलेला तंबोरा उतरतो, तशीच ही गोष्ट.

तिने मोग यांची एक हकीगतही सांगितली. १९७१ मध्ये त्यांची कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. पुढे ते या डोंगराळ मुलखात येऊन राहिले. पण स्वतःच्या वाद्यांवर स्वतःचे नाव घालण्याचा हक्क त्यांना उरला नव्हता. ते वेगळ्या नावाने वाद्ये करीत राहिले. २००२ साली त्यांना आपले नाव परत मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी ते वारले.

"२०१५ पासून आम्हा कामगारांनाही मालकीत वाटा मिळाला आहे," हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. पुढे २०२३ साली ती कंपनी एका उद्योगसमूहाने विकत घेतली व अनेक कारागिरांचे काम सुटले, असे वाचण्यात आले, तेव्हा मला ते टेबल आठवले. तो पेचकस धरणारा हात आता काय करीत असेल, कोण जाणे!

कारखान्याला लागूनच दुकान होते. तेथील कोणतेही वाद्य खुशाल वाजवावे, कोणी रागवत नसे. मिनिमोगची किंमत साडेतीन हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे सव्वादोन लाख रुपये होती! रेवा मात्र एका साध्या लाकडी पेटीपुढे थबकली. ते 'थेरेमिन' होते. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेल्या या वाद्याला स्पर्शच करायचा नसतो. उभ्या दांडीजवळ एक हात नेला की स्वर चढतो. वळलेल्या दांडीजवळ दुसरा हात नेला की आवाज लहान होतो.

रेवा गोंधळली. पेटीवर पट्टी दाबताच सा हजर होतो. येथे तो हवेत शोधावा लागत होता. हात तसूभर हलला तरी तो निसटे. मी हळूच सा धरला व तिच्याजवळ उभा राहिलो. दुकान बंद होण्याची वेळ झाली होती; दाराशी किल्ल्या घेऊन थांबलेला गृहस्थ आमच्याकडे पाहत होता. रेवाचा हात थरथरत मागे आला, पुढे गेला, पुन्हा किंचित मागे आला. आवाजातले हेलकावे मंदावले. तिने माझ्याकडे पाहिले. पण हात हलविला नाही.